लेआउटच्या मागचा नाला सिमेंटचा करणार म्हणतेत. कोणी असं काम थांबवलं किंवा बदलवलं आहे का?

कहूखाली (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वर्धा जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे, नाव लिहीत नाही, कारण इथं सगळे सगळ्यांना ओळखतात अन् उद्या टपरीवर "काय भाऊ, लय लिहून राहिले" सुरू होईल. आमचं घर गावाच्या टोकाला नवीन लेआउटमध्ये आहे. आधी इथं कपाशी-तूर होती, आता अर्ध्या प्लॉटवर घरं अन् अर्ध्यात गाजरगवत. लेआउटच्या मागून एक नाला जाते, पावसाळ्यात पाच-सहा मीटर रुंद, उन्हाळ्यात उडी मारली की पार. तो बाजाराच्या मागून, रपट्याखालून (म्हणजे बुटक्या पुलाखालून), दोन नंबर वार्डाला घासून पुढं वणा नदीले मिळते.

मी सकाळी त्याच काठानं फिरतो. लोक म्हणतात तिथं काय आहे, नुसती घाण आहे. घाण तर आहेच, खोटं कशाला बोलू, चिकनवाले पिसं टाकतात, हागणदारीमुक्तीचा बोर्ड लागला त्याच्याच मागं लोटे दिसतात, अन् रपट्याखाली संध्याकाळी बाटल्या. पण त्याच्याच संगं बाकीचंही चालू असते. एक गवळी रोज म्हशी आणते, त्या डोहात बसल्या की दुपारपर्यंत उठत नाहीत अन् तो काठावर मोबाइल पाहत बसते. वीटभट्टीवाले माती नेतात. वरच्या अंगाला शिंदीची झाडं आहेत, एक म्हातारा त्याच्या पानांचे फडे बांधून शनिवारच्या बाजारात विकते, प्लास्टिकच्या झाडूच्या जमान्यात कोण घेते देव जाणे पण त्याचे संपतात. पहिल्या पावसानंतर बाया कोवळा तरोटा खुडायला येतात. घट बसायच्या आधी गोधड्या धुवायला तर रांग असते, वॉशिंग मशीन घरात असलेल्याही येतात कारण गोधडी मशीनमध्ये मावत नाही. कोणाची दसवी असली की उंबराखाली न्हावी बसते. पोट्टे ओढणीनं झिंगे धरतात. पाइपावर खंड्या बसलेला असते, जुन्या कहूच्या झाडावर बगळे.

आता महिनाभराआधी टेप घेऊन माणसं आली अन् झाडांवर लाल पट्टे मारून गेली. चौकशी केली तर समजलं की नगरपंचायतीनं नाल्याचं काम घेतलं आहे, तळ सिमेंटचा, दोन्ही बाजूला काँक्रीटच्या भिंती, अन् बाजारामागच्या भागात वरून स्लॅब टाकून त्याच्यावर गाळे. लेआउटमधले खूश आहेत. वास जाईल, मच्छर जाईल, प्लॉटचा भाव वाढेल. मला काहीतरी खटकून राहिलं पण समोर बोलायला धड मुद्दा नाही. बायको म्हणते तुम्हाला रिकामा वेळ जास्त आहे.

नाला मुळात कोणाचा असते? काम थांबवता नाही तर बदलवता येते का? कोणी दुसऱ्या पद्धतीनं केलं असलं तर सांगा.

ढोरकी_बुवा

भाऊ तुमी लिहिलं ते वाचून मजा वाटली, आमच्या गावाले बी असाच नाला आहे, म्या त्याच्यावर गावची ढोरं चारली. आमच्या आखरावर सकाळी दोनेकशे ढोरं गोळा व्हायचे, मंग पांदनीनं नाल्यावर. दुपारी ढोरं डोहात अन् गायकी जांबुळाखाली. घरटी जवारी भेटे, पैसा कोन देते. तवा नाल्याले होळीपर्यंत धार राहे, अन् धार तुटली तरी रेतीत हातभर उकरलं का झिऱ्याले पानी लागे, थंडगार, आमी तेच पेत होतो. पोळ्याले पहाटे बैल धुवाले नाल्यावर गाव लोटे. दुसऱ्या दिवशी दारचे पळसाचे मेढे काढून पोट्टे वरडत वरडत नाल्यापल्याड फेकाले जात, "घेऊन जाय गे मारबत" म्हनत. आता बैलच किती उरले, ट्रॅक्टरले हार घालून राहिले लोक. तान्ह्या पोळ्याले लाकडी नंदी मात्र वाढले, सिंदीचा तान्हा पोळा पाहा कधी, मानूस मावत नाई.

पन मले दुसरंच सांगाचं आहे. ढोरं काऊन गेले? जवारी गेली म्हून. सोयाबीन आलं, जवारी गेली, जवारी गेली तं कडबा गेला, कडबा गेला तं ढोरं इकले. अन् सोयाबीन पेराले ट्रॅक्टर फिरला पायजे म्हून लोकायनं वावरातले आडवे धुरे, म्हंजे बांध, मोडले. पयले पानी धुऱ्याले अडे, थांबे, मंग हळूहळू नाल्यात ये. आता पाऊस पडला का सारं पानी मातीसकट खाली. जुलैत नाला असा लोंढा आनते का पाहाले भेव लागते, अन् दिवाळीले कोरडा. वर विहिरी-बोरी किती झाल्या ते येगळंच, हरबऱ्याले रातभर मोटरा चालतेत. तुमी खाली सिमेंट करा का फुलं लावा, वरून पानीच नाई आलं तं नाल्यात तुमच्या मोऱ्यायचंच पानी राहीन.

पूर तं आमीबी पाह्यले बाप्पा. मोवाड वाहून गेलं तवा, १९९१ ले, आमच्याकडं बी पानी थांबतच नोतं. त्या दिवसापासून म्या नाल्याच्या पोटात खाट टाकून झोपलो नाई.

दोन_नंबर_वार्ड

दादा तुम्ही गावाचं नाव नाही लिहिलं पण बाजारामागचा रपटा अन् शनिवारचा बाजार वाचूनच कळलं. मी तिथंच राहते, रपट्याच्या खालच्या अंगाला. तुम्ही सकाळी फिरता ते मी पाहिलेलं आहे बहुतेक, पांढरी टोपीवाले का?

मला सिमेंटची भिंत पाहिजे. स्पष्ट सांगते.

जोराचा पाऊस झाला की आमच्या घरात पाणी शिरते. रात्री आलं तर पहिले लेकरं उचलायची, मग सिलेंडर खाटेवर, आधार-राशन कार्ड-शाळेचे दाखले आम्ही बाराही महिने पन्नीत बांधून आड्याला टांगूनच ठेवतो. पाणी उतरलं की चिखल, चिखलात साप. पटवारी येते, पंचनामा करते, फोटो काढते, कधी पैसे येतात कधी पुढच्या पावसापर्यंत कागद फिरते. तुमच्या लेआउटमध्ये हे होत नाही कारण तुम्ही उंचावर आहात. बगळे दिसतात ते तिथूनच दिसतात, आमच्या दारातून फक्त पाणी किती चढलं ते दिसते.

अन् वासाचं म्हणाल तर तो वास कुठून येते ते पण लिहा ना. माझ्या लग्नाच्या वेळी हा नाला इतका काळा नव्हता. तुमच्या लेआउटच्या घरांचे संडासाच्या टाक्यांचे पाइप सरळ मागून नाल्यात सोडलेले आहेत, चार इंची, निळे-पांढरे, काठानं चाललं की मोजता येतात. तिकडं नाली काढायची होती, नाली निघाली नाही, अन् प्लॉट विकले गेले. ते पाणी आमच्या दारावरून जाते.

गोधड्या आम्हीपण धुतो, पण आता रपट्याच्या वर जाऊन, तुमचे पाइप सुरू व्हायच्या आधी जिथं पाणी बरं आहे तिथं. सासू अजून तरोटा खुडून बाजारात विकते, तीही वरूनच आणते. आम्हाला नाला नको असं कोणी म्हणत नाही. घरात येणारं पाणी नको अन् घाण नको.

स्लॅब मात्र मलापण नको. स्लॅबखाली कचरा अडकला की पाणी उलटं आमच्याकडं चढणार, अन् गाळे काय आमच्या वार्डातल्यांना भेटणार आहेत का.

चहा_कट

ज्या कामात स्लॅब अन् गाळे असतात ते काम कोणी थांबवून दाखवावं, मी त्याला वर्षभर चहा फुकट.

रिटायर_ओव्हरसिअर

जलसंधारणाच्या कामांवर नोकरी गेली, आता घरी आहे. दोन नंबर वार्डच्या ताईंचं म्हणणं आधी घ्या, कारण तोच या कामातला खरा मुद्दा आहे अन् अर्ज करायला बसाल तर तोच सगळ्यात भक्कम पडेल.

हिशोब सांगतो, अवघड नाही. समजा त्या रपट्यापर्यंत नाल्याचं पाणलोट एक चौरस किलोमीटर आहे, म्हणजे १०० हेक्टर. तासाला ५० मिमीच्या वेगानं पाऊस झाला, जुलै-ऑगस्टात आपल्याकडं असा तास येतोच. वावरं होती तेव्हा त्यातलं अर्धं वाहून आलं असं धरलं तर नाल्यात सेकंदाला साधारण ७ घनमीटर पाणी. त्याच जागेवर छतं, सिमेंट रोड, पेव्हर ब्लॉक झाले अन् ८० टक्के वाहून आलं तर ११ घनमीटर. पाऊस तेवढाच, पाणी दीडपटीच्या वर. प्रत्यक्षात पाणलोट मोठं असेल अन् वर वावरंही उरलेली असतील, पण लेआउट वाढत गेले की आकडा कुठल्या बाजूला सरकते ते समजलं असेल. आता तळ-भिंती गुळगुळीत केल्या की हे पाणी आणखी जोरानं पळणार. वरच्यांच्या दारातून लवकर निघून जाईल, मान्य. पण जिथं सिमेंट संपते तिथं अन् स्लॅबच्या तोंडाशी, जिथं पन्न्या, फांद्या, थर्माकोल येऊन अडकते, तिथं चढणार. म्हणजे ताईंच्या दारात. म्हणून एस्टिमेटमध्ये पहिला प्रश्न हा विचारा की सेकंदाला किती पाणी धरून हा आडवा छेद, म्हणजे नाल्याची रुंदी-खोली, काढला, अन् लेआउट पूर्ण भरल्यावरचा आकडा धरला का आजचा. उत्तर लेखी मागा. बहुतेक वेळा मागच्या कामाचा छेद उचलून इकडं डकवलेला असते.

तळ मोकळाच राहू द्या. पावसाळ्यात तिथून पाणी खाली मुरते, अन् पावसाळा सरला की उलटं होते, काठच्या जमिनीत साठलेलं पाणी झिरपत झिरपत नाल्यात येते. बुवा म्हणतात ती होळीपर्यंतची धार म्हणजे हेच पाणी. तळाला काँक्रीट टाकलं की जाणं-येणं दोन्ही बंद, काठावरच्या विहिरी-हातपंपांवर दोन-तीन उन्हाळ्यांत दिसेल. अन् उलट्या टोकाची चूकही करू नका, म्हणजे "नाला खोल करा" म्हणून जेसीबी लावून मुरूम संपून काळा दगड लागेपर्यंत खोदाई. आजूबाजूच्या विहिरींचं पाणी मग खाली नाल्यात उतरून वाहून जाते. जलयुक्त शिवार २०१४ च्या डिसेंबरात सुरू झालं, त्यात चांगली कामं भरपूर झाली तशी नुसती खोदाईचीही झाली, दोन्ही पाहिली आहेत.

भिंत ज्या काठाला लागते त्या काठाला द्या. दोन नंबर वार्डाच्या बाजूनं गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत भरलेले दगड, नाही तर दगडी पिचिंग. काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, सरळसोट काँक्रीटची भिंत मागचं पाणी निघायला भोकं न ठेवता उभी केली तर ती काही वर्षांत पुढं कलते. गॅबियनमधून पाणी आपोआप निघते अन् थोडं खचलं तरी तुटत नाही. भिंतीची उंची ठरवायला वार्डातल्या म्हाताऱ्यांना विचारा पाणी कुठवर आलं होतं, अन् त्या जागी विजेच्या खांबावर ऑइल पेंटनं खूण करून घ्या. नद्यांच्या पूररेषा आखतात, निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची अन् लाल १०० वर्षांतून एकदाच्या, पण असल्या नाल्यांसाठी बहुधा कोणी आखत नाही, मग म्हाताऱ्यांची आठवण हाच पुरावा. दुसऱ्या काठाला, तुमच्या लेआउटच्या बाजूला, उतार द्या अन् वाळा लावा. कूलरच्या ताट्यात घालतो तो खस, तोच वाळा. मुळं दोन-तीन मीटर खाली जातात, माती धरून ठेवते. बेशरमाची झुडपं मात्र मुळासकट काढा अन् तोडलेल्या फांद्या नाल्यात फेकू नका, प्रत्येक तुकडा जिथं अडकेल तिथं फुटते. ढोरंही तोंड लावत नाहीत त्याला.

मालकीचं. जमीन महसूल संहिता १९६६, कलम २०. नदी-नाल्यांचे तळ, ज्यावर कोणाचा कायदेशीर हक्क नाही ते, सरकारचे. सातबाऱ्यावर शोधू नका, गाव नकाशावर नाला दिसते, महाभूनकाशावर ऑनलाइनही पाहता येते. मग लेआउटचा मंजूर नकाशा काढा अन् दोन्ही शेजारी ठेवा. नाल्यापासून किती अंतर सोडायचं ते २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत आहे, लेआउट त्याच्या आधीचा असला तर मंजुरीच्या वेळच्या अटी पाहा. नाल्याची रुंदी नकाशात जास्त अन् जागेवर कमी भरली तर मोजणीचा अर्ज करायला कारण मिळते. नगरपंचायतीचा ठराव, अंदाजपत्रक अन् नकाशा माहिती अधिकारात मागा, दहा रुपयांचं तिकीट लागते, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागते. "काम थांबवा" असं लिहू नका, "कामात हा बदल करा" असं लिहा. थांबवा म्हटलं की तुम्ही विरोधक ठरता अन् फाइल बाजूला जाते.

बुवांनी धुऱ्याचं सांगितलं ते एकदम बरोबर. आपल्याच जिल्ह्यात सेलू तालुक्यात तामसवाड्याला नाल्याचं काम झालं ते लोक पाहायला येतात, तिथं माथ्यापासून पायथ्यापर्यंत नाला एक धरून काम केलं. तुमचा नाला लहान आहे, एका दिवसात उगमापर्यंत चालत जाता येईल. जा एकदा.

उपकेंद्रवाली_सिस्टर

मच्छरांसाठी सिमेंट करून राहिले असतील तर थोडं थांबा, डेंग्यूचा अन् या नाल्याचा फार संबंध नाही. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालते. कूलर, ड्रम, फ्रिजच्या मागचा ट्रे, टायर, गच्चीवरची उघडी टाकी. आमच्या सर्व्हेत अळ्या सापडतात त्या लेआउटच्या कूलरमध्ये, मे संपला तरी लोक पाणी काढत नाहीत. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणून दारोदार सांगतो. मॅडम या, चहा घ्या म्हणतात, कूलर तसाच.

घाण पाण्यातला डास वेगळा, क्युलेक्स. त्याच्यानं हत्तीरोग पसरते, अन् वर्धा-नागपूर-चंद्रपूर-गडचिरोली या पट्ट्यात तो आहे. आम्ही रात्री रक्त तपासायला घ्यायला येतो तेव्हा लोक चिडतात, पण ते जंतू रात्रीच रक्तात दिसतात, दिवसा घेऊन उपयोग नाही. तर क्युलेक्सच्या बाबतीत आपल्याला वाहत्या पाण्याचा त्रास नाही, साठलेल्या काळ्या पाण्याचा आहे. सिमेंटच्या नालीत उतार चुकला की जागोजागी तेच साठते, अन् स्लॅबखाली साठलं तर आम्हाला फवारणी करता येत नाही, गप्पी मासे सोडता येत नाहीत. उघड्या डोहात गप्पी सोडले तर अळ्या खातात, आरोग्य केंद्रातून फुकट मिळतात, कोणी मागायला येत नाही.

पाइप बंद केले तर अर्धं काम तिथंच होते.

कहूखाली

सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. टोपी पांढरीच आहे ताई.

पाइपांचं आमच्या गल्लीत बोललो. दोघंतिघं तयार आहेत, एकानं म्हटलं मी टॅक्स भरतो, नाली काढणं नगरपंचायतीचं काम, अन् एकानं दारच लावून घेतलं. शोषखड्डा करायचा म्हटलं तर मिस्त्री म्हणते काळ्या जमिनीत पाणी मुरतच नाही, पैसे वाया जातील. खरं आहे का ओव्हरसिअर साहेब? अन् गल्लीचं मिळून काही करता येते का?

गाव नकाशा पाहिला. नाला लेआउटच्या कोपऱ्यातल्या दोन प्लॉटांतून जाते असं दिसते, जागेवर तिथं वॉल कंपाउंड आहे. बाकी तुम्ही समजून घ्या.

रिटायर_ओव्हरसिअर

मिस्त्री अर्धं खरं बोलते. काळ्या मातीतच खड्डा संपवला तर तुंबणारच. मुरूम लागेपर्यंत खाली जावं लागते, तुमच्याकडं तो किती खाली आहे ते शेजारची विहीर पाहून समजेल. खाली मोठे दगड, वर गिट्टी, अन् पाणी आत यायच्या आधी गाळ बसायला लहान टाकी, ती महिन्या-दोन महिन्यांनी साफ करायची. पण हे मोरीच्या पाण्यापुरतं. संडासाच्या टाकीतलं पाणी त्यात सोडू नका, विहिरी जवळ आहेत.

गल्लीचं मिळून करायचं तर फायटोरिड म्हणून पद्धत आहे, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं काढलेली. सगळे पाइप एका ठिकाणी आणायचे, आधी टाकीत गाळ बसू द्यायचा, मग गिट्टीच्या वाफ्यातून पाणी हळूहळू सरकते अन् त्यात कर्दळ, पाणकणीस अशी झाडं लावलेली असतात, मुळांजवळचे जिवाणू घाण खातात. उतार असला तर वीज फारशी लागत नाही. लेआउटची ओपन स्पेस कुठं आहे ते मंजूर नकाशात दिसेल, तीच जागा मागा. आज त्या जागेवर काय आहे ते पण पाहून घ्या.

वॉल कंपाउंडचं इथं आणखी लिहू नका. मोजणीचा अर्ज करा.

ढोरकी_बुवा

ओपन स्पेसवर मंदिर असन नाई तं कोनाच्या म्हशी. पैज लावतो.

कहूखाली

म्हशी नाहीत, गिट्टी-रेतीचे ढीग आहेत. ठेकेदाराचे.

माहिती अधिकाराचा अर्ज उद्या टाकतो. बदलाच्या अर्जाचा मसुदा करून राहिलो, एका काठाला भिंत, तळ मोकळा, स्लॅब नाही, पाइप एकत्र. दोन नंबर वार्डातल्या सह्या भेटल्या तर वजन येईल. ताई, बोलून पाहता का?

दोन_नंबर_वार्ड

बोलते, पण बचत गटाची मीटिंग सोमवारी आहे, त्याच्या आधी बाया भेटत नाहीत, निंदणाला जातात. मसुदा मला आधी पाठवा. त्यात भिंत पहिल्या नंबरवर पाहिजे अन् "पावसाळ्याच्या आधी" असं लिहिलेलं पाहिजे, नाही तर आमच्या सह्या घेऊन तुम्ही तळ मोकळा ठेवाल अन् भिंत पुढच्या वर्षी. अन् पाइप बंद करायला जे तयार आहेत त्यांच्या सह्या आमच्या आधी घ्या. दार लावून घेतलं त्या घरी मी येते तुमच्या संगं, मोलकरीण कोणाची आहे ते मला माहीत आहे.